जो विषय आपण स्वतःच शिकतोय, तो वर्गात मुलांबरोबर कसा शिकायचा?

खडूफळा

समजा, गणिताच्या शिक्षकाकडे आठवीचे पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचे तास आले. मुलं ३६, संगणक १८, म्हणजे दोघांत एक. आठवड्याला ४० मिनिटांचे दोन तास. शिक्षकाला व्हेरिएबल (किंमत साठवणारं नाव), अटी, लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करवणं) एवढं येतं. त्यापुढचं तो मुलांच्या बरोबरीनेच शिकणार.

'शिक्षकानेही विद्यार्थी व्हावं' हे मला मनापासून पटतं. पण ते ४० मिनिटांच्या तासात बसवायचं कसं, यावर नेमकं लिहिलेलं फार कमी सापडतं. म्हणून विचारतो:

मुलांच्या किती पुढे असायला हवं? तासात अडकलो तर किती वेळ अडकून राहायचं, आणि त्या वेळात करायचं काय? दोन-तीन मुलांना आपल्यापेक्षा जास्त येत असेल तर त्यांना कसं सामावून घ्यायचं? गुण कशाला द्यायचे? आणि सगळ्यात जास्त काळजी याची वाटते की आपण सांगितलेलं चुकीचं निघालं आणि ३६ वह्यांत तसंच राहून गेलं, तर?

शक्य तितक्या बारकाव्यानिशी सांगा.

लंबक

किती पुढे, हे नंतर बघू. कशात पुढे, ते आधी ठरवा. उत्तर माहीत नसलं तरी तास चालतो. उत्तर तपासायचं कसं हे माहीत नसेल तर मात्र तास बुडतो. त्यामुळे तयारी करायची ती तपासण्याच्या वाटेची.

प्रत्येक तासासाठी एक पान घ्या आणि तीन रकाने आखा: 'पक्कं माहीत', 'करून पाहिलेलं नाही', 'तपासणार कसं'. दुसऱ्या रकान्यातल्या प्रत्येक ओळीसमोर तिसऱ्या रकान्यात काहीतरी लिहिलेलं हवंच. चालवून बघणं, हाताने गणित करून ताडणं, भाषेच्या अधिकृत माहितीपानावर शोधणं, यांपैकी काहीही चालेल. तिसरा रकाना रिकामा राहिला तर तो प्रश्न त्या तासाला घेऊ नका.

एक उदाहरण सविस्तर देतो, कारण गणिताच्या शिक्षकाला ते जवळचं वाटेल. पायथनमध्ये संख्या पूर्णांकात आणायला राउंड नावाचं फंक्शन (तयार आज्ञा) आहे. चालवण्याआधी मुलांना वहीत अंदाज लिहायला लावा: ०.५, १.५, २.५, ३.५, ४.५ यांचं काय होईल? शाळेतल्या नियमाने सगळी मुलं १, २, ३, ४, ५ लिहितील. आता चालवा. पायथन ३ ची उत्तरं येतात ०, २, २, ४, ४.

इथे घाई करू नका. 'संगणक चुकला' म्हणणारी मुलं असतात, त्यांना म्हणू द्या. मग विचारा: उत्तरांत काय सारखं दिसतंय? सगळी सम आहेत, हे कुणाच्या तरी लक्षात येतंच. तो झाला अंदाज. अजून नियम नाही. तो मोडायचा प्रयत्न करायचा: ५.५ आणि ६.५ दोन्हींना ६ यायला हवं, उणे २.५ ला उणे २. तसंच येतं. यानंतरच माहितीपान उघडा. बरोबर मधोमध असलेली संख्या जवळच्या सम संख्येकडे न्यायची, असा नियम तिथे सापडतो.

आता 'का' हा प्रश्न. त्याला संगणक लागत नाही. ०.५, १.५, २.५ आणि ३.५ यांची खरी बेरीज ८. शाळेच्या नियमाने पूर्णांकात आणलेल्या संख्यांची बेरीज १ + २ + ३ + ४ = १०. पायथनच्या नियमाने ० + २ + २ + ४ = ८. प्रत्येक वेळी वरच ढकललं की बेरीज फुगत जाते, हे फळ्यावर दोन ओळींत दिसतं.

आणि एवढ्यात 'समजलं' असं वाटत असतानाच २.६७५ ला दोन दशांश स्थळांपर्यंत आणायला सांगा. शाळेचा नियम म्हणतो २.६८, सम संख्येचा नियमही म्हणतो २.६८. पायथन देतो २.६७. कारण २.६७५ ही संख्या संगणकाच्या द्विमान (फक्त ० आणि १ वापरणाऱ्या) पद्धतीत तंतोतंत साठवता येत नाही. आत जी साठते ती २.६७४९९९९… अशी किंचित कमी असते, म्हणजे ती मधोमध नसतेच. हा टप्पा त्याच तासात उरकू नका, पुढच्या तासासाठी ठेवा.

आणखी एक सांगून ठेवतो. पायथन २ मध्ये राउंडचा नियम वेगळा होता, शाळेसारखा. एखाद्या मुलाने घरी जुनं पान वाचलं तर तो 'मला ३ येतं असं लिहिलंय' म्हणून सांगेल, आणि त्या पानापुरतं ते बरोबर असेल. म्हणून कुठलंही उत्तर वहीत लिहिताना शेजारी आवृत्ती लिहायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

या सगळ्यात शिक्षकाला उत्तर आधी माहीत असण्याची गरज कुठेच पडली नाही. अंदाज, चालवणं, अंदाज मोडायचा प्रयत्न, माहितीपान, कारण हा क्रम मात्र त्याच्या हाताशी हवा.

वेळेची वाटणी साधारण अशी: पहिली ५ मिनिटं मागच्या तासाच्या दुरुस्तीला, १२ मिनिटं पक्क्या रकान्यातलं शिकवायला, १५ मिनिटं न पाहिलेल्या एकाच प्रश्नाला आणि शेवटची ८ लिहायला. प्रश्न रंगला की ही शेवटची ८ मिनिटं हमखास खाल्ली जातात. मग तासभर मजा येते, पण वहीत काहीच राहत नाही. ३२ व्या मिनिटाला गजर लावा आणि प्रश्न अर्धवट असला तरी थांबा.

पाटी_पेन्सिल

लंबक यांची पद्धत चांगली आहे, पण एक धोका त्यात झाकला जातोय.

नवशिक्या मुलाला शिक्षकाची चाचपड बघून फारसं काही मिळत नाही. ज्याला लूपच अजून नीट वाचता येत नाही, त्याच्या दृष्टीने शिक्षकाचे पाच फसलेले प्रयत्न हा नुसता गोंधळ असतो. कुठला प्रयत्न वाया गेला आणि कुठला उपयोगी ठरला, हे त्याला वेगळं करता येत नाही. अशा मुलाला पूर्ण सोडवलेली, नीट मांडलेली उदाहरणं लागतात. म्हणून माझं मत असं की नव्या घटकाचे पहिले दोन-तीन तास शिक्षकाला पक्कं येत असलेलंच शिकवावं. मुलं पाच-सहा ओळींचा प्रोग्रॅम बघून 'हा काय छापेल' हे न चालवता सांगू लागली, की मग न पाहिलेल्या प्रश्नांकडे वळावं. चार तासांत एक, यापेक्षा जास्त नको.

या विषयावर जोसेफ जाकोतो या फ्रेंच शिक्षकाचं नाव नेहमी घेतलं जातं. १८१८ साली आजच्या बेल्जियममधल्या लुवेनमध्ये त्याच्यापुढे असे विद्यार्थी आले की त्यांना फ्रेंच येत नव्हतं आणि त्याला त्यांची भाषा येत नव्हती. तरी ते फ्रेंच शिकले. त्यावरून 'शिक्षकाला येण्याची गरजच नाही' असा निष्कर्ष काढणारे एक गोष्ट विसरतात: त्याने त्यांच्या हातात एका कादंबरीची दोन्ही भाषा असलेली आवृत्ती दिली होती. आपलं बरोबर की चूक, हे विद्यार्थी स्वतः पानावर ताडून पाहू शकत होते. तपासायचं साधन हातात होतं, म्हणून ते जमलं. लंबक यांचा तिसरा रकाना म्हणजे तीच दुसऱ्या भाषेची बाजू आहे.

दुसरं, माहीत असूनही 'मला माहीत नाही हं, आपण शोधूया' असं म्हणू नका. आठवीतली मुलं हे पटकन ओळखतात, आणि मग तुम्हाला खरोखर माहीत नसेल तेव्हाही त्यांना ते खोटंच वाटतं. माहीत असेल तर सरळ म्हणा, 'मला हे माहीत आहे, पण दहा मिनिटं सांगणार नाही.' मुलांना हे चालतं.

तिसरं, जिथे चूक झाली तर इजा होते, तिथे बरोबरीने शिकणं नाही. रसायनं, ज्योत, मुख्य वीजजोडणी असलेलं काहीही आधी मुलांशिवाय, जाणकाराच्या देखरेखीखाली करून बघायचं. संगणकावर मात्र एवढंच सांभाळा की फाइली पुसणारे किंवा त्यांची नावं बदलणारे प्रोग्रॅम अशा तासाला घ्यायचे नाहीत.

कंस_बंद

अडकल्यावर काय करायचं, त्याबद्दल.

सात मिनिटं ठेवा. घड्याळ फळ्याजवळ, सगळ्यांना दिसेल असं. सात मिनिटांत सुटलं नाही तर प्रश्न फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात तारीख घालून लिहायचा आणि पुढे जायचं. पुढच्या तासाच्या पहिल्या पाच मिनिटांत त्याचं काय झालं ते सांगायचं, सुटलं नसेल तरी. कोपऱ्यात लिहिलेला प्रश्न दोन आठवडे तसाच पडून राहिला की मुलांना त्याचा अर्थ बरोबर कळतो: सर विचारायला सांगतात, पण शोधत नाहीत.

त्या सात मिनिटांत गप्प बसून टाइप करू नका. प्रत्येक पाऊल मोठ्याने बोला, आणि या क्रमाने:

१. त्रुटीचा संदेश खालून वाचा. पायथनमध्ये सगळ्यात खालच्या ओळीत त्रुटीचा प्रकार आणि कारण असतं, त्याच्या वर ओळ क्रमांक. लाल मजकूर दिसला की मुलं घाबरून तो पुसून टाकतात. वाचायचा असतो हेच त्यांना माहीत नसतं, आणि शिक्षकाला तो शांतपणे वाचताना बघणं हा यातला सर्वांत मोठा धडा आहे.

२. 'मला काय यायला हवं होतं' हे एका वाक्यात म्हणा. म्हणता आलं नाही तर चूक प्रोग्रॅममध्ये शोधायला जाऊ नका. काय हवंय तेच अजून ठरलेलं नाही.

३. दाखवलेल्या ओळीच्या आधीची ओळ बघा. कंस उघडा राहिला असेल तर जुन्या आवृत्त्या पुढच्या ओळीकडे बोट दाखवतात. पायथन ३.१० पासून 'हा कंस बंदच केलेला नाही' असं स्पष्ट सांगणारा संदेश येतो.

४. तरी सुटलं नाही तर प्रोग्रॅमच्या मध्यावर एक प्रिंट (किंमत पडद्यावर दाखवणारी आज्ञा) टाका आणि तिथपर्यंत किंमत बरोबर आहे का पाहा. बरोबर असेल तर दोष खालच्या अर्ध्यात. परत अर्धं करा. १६ ओळी असतील तर चार वेळात एका ओळीवर येता.

५. एका वेळी एकच बदल. दोन केले आणि चाललं, तर कशाने चाललं ते कुणालाच कळत नाही.

आठवीत हमखास येणारे अडथळे तीन. इनपुटने (कीबोर्डवरून किंमत घेणाऱ्या फंक्शनने) घेतलेला आकडा हा मजकूर असतो, म्हणून ५ आणि ५ मिळवले की ५५ येतात. रेंजला (लूपसाठी ओळीने आकडे देणाऱ्या फंक्शनला) १ आणि ५ दिले की मोजणी ४ वर थांबते. आणि ओळीच्या सुरुवातीला कुठे टॅब, कुठे जागा, अशी सरमिसळ. हे तिन्ही तुमच्या 'पक्कं माहीत' रकान्यात आधीच असू द्या, नाहीतर सात-सात मिनिटं यांच्यातच जातील.

जास्त येणाऱ्या मुलांसाठी एकच नियम पुरतो: ज्याला येतं त्याने कीबोर्डला हात लावायचा नाही, फक्त शब्दांत सांगायचं. त्याने टाइप केलं की शेजारचा उतरवून घेतो आणि दोघांचंही शिकणं थांबतं. शब्दांत सांगताना त्याला स्वतःलाच कळतं की आपण 'हे असंच करतात' म्हणून करत होतो. आठवड्यातून एकदा अशा मुलाला फळ्याजवळ बोलवा आणि तुम्ही टाइप करायला बसा. तो सांगेल तेच, तेवढंच टाइप करा. तो 'लूप लावा' म्हणाला तर विचारा, 'किती वेळा? कुठून सुरू?' हे नाटक नव्हे, तुम्हाला खरोखरच उत्तर हवं असतं, आणि मुलांना ते जाणवतं.

जोड्यांमध्ये हात बदलायची वेळ ६ मिनिटं. १० ठेवली तर दुसरा खिडकीबाहेर बघायला लागतो.

खडूफळा

पाटी_पेन्सिल, 'पक्कं असेल तेच आधी' हा मुद्दा पटला, पहिले दोन आठवडे तसेच आखतो. पण मुलं मध्येच असं काही विचारतात की ते कुठल्याच रकान्यात नसतं. उदाहरणार्थ, 'देवनागरी अंक चालतील का?' असं विचारलं तर? तिसरा रकाना आयत्या वेळी कसा भरायचा?

आणि चुकीचं लिहिलं गेलं तर काय करायचं, ते राहिलंच.

लंबक

देवनागरी अंकांचा प्रश्न तर मराठी वर्गासाठी सोन्यासारखा आहे. आयत्या वेळी रकाना भरायचा तर प्रश्नाचे तुकडे पाडा. 'चालतील का' म्हणजे कुठे? एक, प्रोग्रॅममध्ये थेट लिहिले तर. दोन, प्रोग्रॅम चालू असताना इनपुट म्हणून दिले आणि इंट या फंक्शनने पूर्णांक केले तर. तीन, अंक सोडा, व्हेरिएबलचं नाव देवनागरीत दिलं तर. प्रत्येक तुकड्याला दोन ओळींचा प्रोग्रॅम पुरतो, आणि तोच तपास.

आधी हात वर करून अंदाज घ्या, आकडे फळ्यावर लिहा, मग चालवा. थेट लिहिलेला देवनागरी ५ त्रुटी देतो. इनपुटमधून आलेला ५ मात्र इंट मुकाट्याने स्वीकारतो आणि त्याची बेरीज होते. 'बेरीज' हे व्हेरिएबलचं नावही चालतं, काना-वेलांट्यांसकट. एकाच अंकाला एका दाराने प्रवेश आणि दुसऱ्या दाराने नाही, यामागचं कारण: भाषेच्या व्याकरणाने प्रोग्रॅममधल्या संख्येसाठी फक्त इंग्रजी अंक मान्य केलेत, तर इंट हे युनिकोडमध्ये (जगभरच्या लिप्यांच्या चिन्हांच्या यादीत) 'दशमान अंक' म्हणून नोंदलेलं कुठलंही चिन्ह वाचतं.

तुकडे पाडूनही चालवून बघता येणार नाही असा प्रश्न असेल, तर तो सरळ उजव्या कोपऱ्यात.

पाटी_पेन्सिल

चुकीचं राहून जाण्याबद्दल. ही काळजी रास्त आहे, कारण पहिल्यांदा लिहिलेलं डोक्यात पक्कं बसतं आणि नंतर सांगितलेली दुरुस्ती मुलं ऐकून सोडून देतात. म्हणून तोंडी दुरुस्ती पुरत नाही.

वहीचं डावं पान 'अजून तपासायचं', उजवं पान 'तपासलेलं'. तासात सापडलेलं काहीही आधी डावीकडेच जातं, शिक्षकाने सांगितलेलं असलं तरी. उजवीकडे न्यायची अट अशी: दोन वेगळ्या जोड्यांनी दोन वेगळ्या संगणकांवर करून पाहिलेलं असावं, किंवा माहितीपानात सापडलेलं असावं. शेजारी 'कसं तपासलं' हे चार शब्दांत.

चुकलेलं खोडरबराने पुसायचं नाही. एक आडवी रेघ मारायची, तारीख घालायची, खाली बरोबर काय ते आणि 'आपल्याला आधी असं का वाटलं' हे लिहायचं. 'का वाटलं' ही ओळ टाळली तर महिन्याने तीच चूक परत येते. आणि ही वही शिक्षकाचीही असली पाहिजे, तीच दोन पानं, तशाच रेघा, टेबलावर उघडी ठेवलेली. मुलं ती चाळतात. 'मागच्या मंगळवारी मी हे चुकीचं सांगितलं' ही ओळ तिथे शिक्षकाच्या अक्षरात दिसली, की मुलांना स्वतःच्या वहीतली रेघ लाजिरवाणी वाटत नाही.

गुण: लेखी परीक्षेत फक्त उजव्या पानावरचं. डाव्या पानाला बरोबर-चूक म्हणून गुण देऊ नका. दिलेत तर मुलं तिथे फक्त आधीच ठाऊक असलेलं लिहितील. त्याऐवजी महिन्यातून एकदा प्रत्येकाने स्वतःची एक दुरुस्ती निवडून दहा ओळींत मांडावी: काय अपेक्षित होतं, काय झालं, कारण काय, कसं सापडलं. चार मुद्दे, प्रत्येकी २ प्रमाणे ८ गुण.

जोड्यांमधून फिरताना विचारायला अ‍ॅलन शोएनफेल्ड या गणितशिक्षणाच्या अभ्यासकाचे तीन प्रश्न वापरून बघा: नेमकं काय करताय? का करताय? हे सापडलं की पुढे त्याचं काय करणार? सुरुवातीला मुलं गांगरतात. काही आठवडे नेटाने विचारत राहिलात तर तुम्ही यायच्या आधीच ती एकमेकांना विचारू लागतात. फळ्यावर तुम्ही अडकलेले असताना हेच तीन प्रश्न मुलांनी तुम्हाला विचारावेत, अशी मुभा द्या.

विषम_संख्या

संगणक बंद पडले, वीज गेली, तर त्या तासासाठी एक प्रश्न हाताशी ठेवा. त्याचं पूर्ण उत्तर कुठल्याच शिक्षकाला माहीत नाही, कारण ते अजून कुणालाच सापडलेलं नाही. कोलाट्झचा प्रश्न, १९३७ चा: संख्या सम असेल तर निम्मी करा, विषम असेल तर तिप्पट करून १ मिळवा, आणि हेच करत राहा. प्रत्येक संख्या शेवटी १ वर येते का?

प्रत्येक गटाला ५ संख्या द्या, १ ते ३० मधल्या. पायऱ्या मोजायला लावा. ९ ला १९ लागतात, २५ ला २३. पण २७ कुणालाच देऊ नका. बाकीच्या कुठल्याही संख्येला २३ पेक्षा जास्त लागत नाहीत, आणि २७ ला लागतात १११; वाटेत ती ९२३२ पर्यंत चढते. हाताने करणारा गट तिच्यात तासभर बुडतो आणि एका बेरजेच्या चुकीने भलतीकडेच जातो. ती पुढच्या तासाला प्रोग्रॅमसाठी राखून ठेवा. तुमच्या मुलांना व्हाइल लूप (अट खरी असेपर्यंत चालणारा) शिकवायला तीच निमित्त होईल, आणि आपला प्रोग्रॅम बरोबर आहे का हे आदल्या तासाच्या हातमोजणीवर ताडता येईल.

गट चुकलाय हे कसं ओळखायचं? वाटा एकमेकींना मिळतात. २५ ची वाट तिसऱ्या पायरीला १९ वर येते, म्हणून २५ च्या पायऱ्या १९ च्या पायऱ्यांपेक्षा बरोबर ३ ने जास्त हव्यात. हे मुलांच्या लक्षात आलं की ती दुसऱ्या गटाची वही मागून स्वतःची तपासू लागतात.

खडूफळा

हे खूप उपयोगी आहे, सगळ्यांचे आभार. पहिले चार तास पक्क्या रकान्यातले, पाचव्याला राउंड. डावं-उजवं पान पहिल्या दिवसापासून, माझ्या वहीसकट. एक शंका उरली: ३६ मुलांत १८ जोड्या असताना 'दोन वेगळ्या जोड्यांनी तपासलं' याची नोंद ठेवायची कुणी?

कंस_बंद

भिंतीवर एक मोठा कागद लावा, दोरीला पेन बांधा. डावीकडे विधान, उजवीकडे दोन रिकामे चौकोन. ज्या जोडीने तपासलं तिने चौकोनात आपला संगणक क्रमांक लिहायचा. दोन्ही चौकोन भरले की ते विधान वहीच्या उजव्या पानावर. पहिल्याच आठवड्यात मुलं न चालवताच क्रमांक लिहून मोकळी होतील, म्हणून दर तासाला एक विधान निवडा आणि त्या क्रमांकाच्या जोडीला सगळ्यांसमोर पुन्हा चालवून दाखवायला सांगा.